फ्लेमिंगो आले म्हणून बॉयलर पेटला का?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या तरुण साथींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



एआयवर बोला, असा निरोप आला तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? नोकऱ्या जाणार का, यावर? की अभ्यासासाठी कोणतं अ‍ॅप वापरायचं, यावर? हे दोन्ही विषय तुम्ही रोज मोबाईलवर ऐकता. म्हणून मी एकच प्रश्न घेऊन आले आहे. यंत्राला 'का' कळतं का? 'काय होणार' हे ते बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण 'का झालं' आणि 'काय केलं तर बदलेल' हे त्याला कळतं का? हा प्रश्न फक्त इंजिनिअर लोकांचा आहे असं वाटेल. तो आपल्या नोकरीचा, कर्जाचा आणि नावाचाही आहे. तिथे मी शेवटी येते.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात. त्याच दिवसांत इकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. आता समजा एखाद्या संगणकाला आपण वीस वर्षांची माहिती दिली. एका रकान्यात फ्लेमिंगोंची संख्या आणि दुसऱ्यात कारखान्यांचं गाळप. संगणक सांगेल, दोन्हींचं नातं घट्ट आहे. पक्षी दिसले की गाळप चालू असणार, हा त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबरही येईल.

पण उद्या पक्षी आलेच नाहीत तर बॉयलर पेटणार नाही का? किंवा कारखाना बंद ठेवला तर पक्षी येणार नाहीत का? तुम्ही हसताय, कारण तुम्हाला मधला धागा माहीत आहे. पावसाळा संपतो, हवा थंड होते. तिकडे पाणी ओसरू लागतं आणि दलदलीतलं खाद्य उघडं पडतं. इकडे ऊस पक्व होतो आणि तोडणी सुरू होते. दोन्हींच्या मागे ऋतू आहे. संगणकाच्या तक्त्यात ऋतूचा रकाना नव्हता, म्हणून त्याला फक्त सोबत दिसली. सोबत असणं म्हणजे सहसंबंध. एकामुळे दुसरं होणं म्हणजे कार्यकारणभाव. आजच्या भाषणातला अवघड शब्द हा एवढाच.

हा प्रश्न नवा नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस इमाम गझाली यांनी 'तहाफुत अल-फलासिफा' या ग्रंथात कापूस आणि आगीचं उदाहरण घेतलं. कापसाला आग लागली की कापूस जळतो, हे आपण पाहतो. पण डोळ्यांना दिसतं ते एवढंच की आग आली आणि कापूस जळला. आगी'मुळे' जळला, हा 'मुळे' डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न रुश्द यांनी त्यांना उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की कारणं नाकारली तर बुद्धीच नाकारली जाते, कारण वस्तूंची कारणं जाणणं हेच बुद्धीचं काम आहे. त्या वादात कोण जिंकलं, हा आजचा विषय नाही. पण गझालींनी दाखवलेली अडचण आजच्या एआयची रोजची अडचण आहे. त्याला सोबत दिसते, 'मुळे' दिसत नाही.

आता मिस्त्रीकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणी ना कुणी मिस्त्री आहे. कुणी मोटार रिवाइंडिंग करतो, कुणाचं गॅरेज आहे, कुणी वेल्डिंग करतो. मिस्त्री कारण कसं शोधतो ते बघा. गाडीचा एक सिलिंडर मिस मारतोय. प्लग खराब की दुसरं काही? तो त्या सिलिंडरचा प्लग काढून शेजारच्या सिलिंडरला लावतो आणि शेजारचा इकडे. गाडी चालू करतो. बिघाड प्लगसोबत शेजारी गेला तर प्लग खराब. बिघाड जागेवरच राहिला तर प्लग निर्दोष, पुढे शोधा. त्याने नुसतं पाहिलं नाही. त्याने एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि मग पाहिलं.

पिठाच्या गिरणीची मोटार गरम होतेय. कारण व्होल्टेज कमी असेल, एक फेज गेला असेल, किंवा जात्यावरच जोर येत असेल. लक्षण एकच, कारणं तीन. चांगला मिस्त्री टाँग टेस्टर घेऊन तिन्ही फेजचा करंट बघतो. एका तारेत करंटच नाही आणि उरलेल्या दोन तारांत जास्त, तर फेजचा घोळ. तिन्हींत सारखाच वाढलेला असेल तर तो व्होल्टेज मोजतो. मग पट्टा उतरवून मोटार रिकामी फिरवतो. करंट उतरला आणि व्होल्टेजही ठीक असेल, तर दोष गिरणीकडे. प्रत्येक चाचणी दोन कारणांना वेगळं करण्यासाठी असते. उगाच काही उघडायचं नाही, हा त्याचा नियम.

गंमत अशी की एआयच्या जुन्या पिढीने नेमकं हेच संगणकाला शिकवायचा प्रयत्न केला होता. १९८०च्या दशकात अमेरिकेत योहान डी क्लीर, जॉन सीली ब्राउन, केनेथ फोर्बस, बेंजामिन काइपर्स अशा संशोधकांनी यंत्रांबद्दल संगणक विचार कसा करेल यावर काम केलं. यंत्राचा प्रत्येक भाग नीट चालला तर काय करतो, आणि तो कोणत्या भागाला जोडलेला आहे, हे संगणकाला सांगायचं. मग प्रत्यक्षात दिसतंय ते वेगळं असेल, तर कोणता भाग बिघडला असता असं दिसलं असतं, हे त्याने शोधायचं. १९८७ मध्ये रेमंड रायटर यांनी याला गणिताची नीट बैठक दिली. त्याच वर्षी डी क्लीर आणि ब्रायन विल्यम्स यांनी असा प्रोग्राम मांडला, जो संशयित भागांची यादी करून पुढचं मोजमाप कुठे घेतलं तर यादी सर्वांत लवकर लहान होईल, हेही सुचवत असे. म्हणजे टाँग टेस्टर कुठे लावायचा ते. १९९९च्या मे महिन्यात नासाच्या डीप स्पेस १ या यानावर याच पद्धतीच्या प्रोग्रामची चाचणी झाली. यानात खोटे बिघाड घडवले गेले आणि कोट्यवधी किलोमीटर दूर, माणसाच्या मदतीशिवाय, प्रोग्रामने ते ओळखले.

त्या काळात एक सुंदर वादही झाला. ओहमचा नियम तुम्ही शाळेत शिकलात. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. या समीकरणात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? समीकरण सांगत नाही. बरोबरच्या चिन्हाला बाण नसतो. डी क्लीर आणि ब्राउन म्हणत होते, एका भागातला बदल शेजारच्या भागात कसा पसरतो ते बघा, त्यातून बाण मिळतो. नोबेल विजेते हर्बर्ट सायमन आणि युमी इवासाकी यांनी १९८६ मध्ये वेगळी मांडणी केली. कोणत्या गोष्टी यंत्राच्या बाहेरून ठरतात ते आधी सांगा, मग समीकरणं कोणत्या क्रमाने सुटतात त्यावरून बाण ठरेल.

हे पुस्तकी वाटतंय ना? मग विहिरीवरची मोटार आठवा. बाहेरून येणारी वीज कमी दाबाची आहे. पंपाला पाणी तर तेवढंच उपसायचंय. म्हणून मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि जळतं. ज्याला फक्त आकडे दिसतात तो म्हणेल, जास्त करंट म्हणजे मोठा दाब. शेतकऱ्याला माहीत असतं, इथे उलट आहे. बाण आकड्यांतून निघत नाही. जोडणी कशी आहे आणि बाहेरून काय येतं, या माहितीतून तो निघतो.

मग आजची एआय काय करते? गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे जोरात चाललं ते मशीन लर्निंग. यात यंत्राची जोडणी कुणी सांगत नाही. ढीगभर नोंदी द्यायच्या आणि संगणकाने त्यांतून नमुना शोधायचा. कारखान्यातल्या बेअरिंगचं तापमान, कंपन, मोटारीचा करंट यांच्या नोंदी देऊन बेअरिंग कधी जाईल याचा अंदाज घेता येतो. अंदाजासाठी ही पद्धत जबरदस्त आहे. पण तिला उपाय विचारला की गडबड होऊ शकते. मोटारगाडीच्या रेडिएटरच्या पंख्याचं उदाहरण घ्या. पंखा चालू असतो तेव्हा इंजिन गरम असतं, नोंदींत हे हजार वेळा दिसेल. नुसत्या नोंदींवर शिकलेल्या प्रोग्रामला विचारलं, इंजिन थंड कसं ठेवू? तो म्हणेल, पंखा बंद ठेवा.

हसण्यावारी नेऊ नका. असंच दवाखान्याच्या बाबतीत घडलं आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या नोंदींवर संगणकाला शिकवलं. कुणाला मृत्यूचा धोका जास्त आणि कुणाला कमी, हे त्याने सांगायचं होतं. त्याने एक नियम शोधला. ज्यांना आधीपासून दमा आहे, त्यांना धोका कमी. कोणताही डॉक्टर सांगेल, हे उलट आहे. मग नोंदींत असं का दिसलं? कारण दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत. चांगल्या उपचारांमुळे ते वाचत. संगणकाला उपचार दिसले नाहीत, दमा दिसला. त्याचं ऐकून दम्याच्या रुग्णांना घरी पाठवलं असतं तर माणसं मेली असती. रिच कारुआना आणि सहकाऱ्यांनी २०१५च्या शोधनिबंधात हे उदाहरण सविस्तर मांडलं आहे.

संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांना २०११चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, त्यात कार्यकारणभावाच्या गणिताचाही मोठा वाटा होता. ते एक शिडी सांगतात. पहिली पायरी पाहण्याची. पंखा चालू दिसला, तर इंजिन कसं असेल? दुसरी करण्याची. मी पंखा बंद केला, तर इंजिनाचं काय होईल? तिसरी कल्पनेची. मागच्या आठवड्यात ग्रीस मारलं असतं, तर ही बेअरिंग वाचली असती का? नुसत्या नोंदी कितीही वाढवल्या तरी पहिल्या पायरीवरून दुसरीवर आपोआप जाता येत नाही. त्यासाठी एकतर प्रयोग करावा लागतो, नाहीतर जोडणीची माहिती द्यावी लागते.

आणि चॅटबॉट? त्यात वेगळंच घडतं. त्याने माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर वाचलेला आहे. 'उंचीवर गेलं की थंडी वाढते' हे त्यात हजार ठिकाणी लिहिलंय. म्हणून जोडीतलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, असं नाव घेऊन विचारलं तर तो छान उत्तर देतो. २०२३ मध्ये एमरे किचिमान आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्यांच्या एका प्रसिद्ध संचावर जीपीटी-४ तपासलं, तेव्हा ९७ टक्के उत्तरं बरोबर आली. पण त्याच वर्षी झिजिंग जिन आणि सहकाऱ्यांनी नावं काढून टाकली. नुसती अक्षरं दिली. कोणतं अक्षर कशाशी संबंधित आहे आणि कशाशी नाही एवढंच सांगितलं, आणि यातून कारण काढता येतं का, असं विचारलं. तिथे अनेक मॉडेलांची कामगिरी जवळपास नाणं उडवण्याइतकी होती. मॉडेलं तेव्हापासून सुधारली आहेत. पण फरक लक्षात ठेवा. वाचलेलं कारण सांगणं वेगळं, आणि समोरच्या यंत्रातलं कारण शोधणं वेगळं.

म्हणून मोटार गरम झाली आणि तुम्ही चॅटबॉटला कारण विचारलं, तर तो दहा कारणांची यादी देईल. यादी चांगली असते, वापरा. पण तिथे थांबू नका. त्याला पुढचा प्रश्न विचारा: 'यातलं पहिलं आणि तिसरं कारण वेगळं करण्यासाठी मी कोणती चाचणी करू?' मग ती चाचणी हाताने करा. त्याने तुमची मोटार पाहिलेली नाही, हे विसरू नका.

आता आपल्या भागातली मोठी बातमी. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ऊस शेतीत एआय आणली. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वर उपग्रहाची छायाचित्रं, आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाणी आणि खताचा सल्ला. २०२५च्या सुरुवातीला सत्या नडेला यांनी या प्रयोगाचं कौतुक केलं, इलॉन मस्क यांनी त्याला दाद दिली आणि बारामतीचं नाव जगभर गेलं. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं. उत्पादन ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याच्या बातम्या आपण वाचल्या.

अभिमान वाटावा असंच हे काम आहे. आणि अभिमान वाटतो म्हणूनच नीट प्रश्न विचारायचे. ४० टक्के वाढ कुणाच्या तुलनेत? आपला भाग एकसारखा नाही. नीरा डाव्या कालव्याखालचं बागायत वेगळं आणि बारामती-इंदापूरचं जिरायत वेगळं. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने राहतो आणि सुरू ऊस साधारण बारा. को ८६०३२ आणि फुले २६५ या वाणांतही फरक. ज्याने एआय घेतली त्याच्याकडे बहुधा ठिबक आधीच होतं, भांडवल होतं, शिकलेला मुलगा होता. मग वाढ एआयमुळे झाली, की ठिबकमुळे, की वेळेवर खत परवडलं म्हणून?

याचं उत्तर शेतीनेच जगाला शिकवलं आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी पद्धत बसवली. एकाच शेताचे तुकडे करायचे, कोणत्या तुकड्याला नवं खत द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मग जो फरक उरतो तो खताचा. औषधांच्या चाचण्याही पुढे याच विचारावर उभ्या राहिल्या. तुमच्या घरी ऊस असेल तर दोन एकरांपैकी एकावर सल्ल्याप्रमाणे पाणी द्या, दुसऱ्यावर नेहमीप्रमाणे. लागण, वाण, बेणं, ठिबक सारखंच ठेवा. कोणता एकर कुठला, हे नाणं उडवून ठरवा. कारखान्याच्या वजनकाट्यावर दोन्हींचं वजन वेगळं करून घ्या. असं दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून केलं, तर मोठमोठ्या जाहिरातींपेक्षा खरी माहिती हाती येईल. हाही प्लग बदलून बघण्याचाच प्रकार आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय घेतला.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरीसाठी अर्ज करताय. बोलावणं येत नाही तेव्हा घरात दोन मतं असतात. एक म्हणतो, आपलं नाव बघून टाळलं. दुसरा म्हणतो, तुझाच अभ्यास कमी पडला. दोघेही अंदाज करतात. कारण शोधायचं कसं? प्लग बदलून.

सुखदेव थोरात हे आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ. त्यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत हेच केलं. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. नोकऱ्या खासगी क्षेत्रातल्या. तोडीस तोड शिक्षण, तोडीस तोड अनुभव. फरक नावाचा. काही नावं उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. सांख्यिकीच्या हिशेबात, बोलावणं येण्याचा संभव दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या साधारण दोन तृतीयांश होता आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. इथे 'मला वाटतं' संपलं. योग्यता सारखी ठेवली, नाव बदललं, निकाल बदलला. म्हणजे नाव हे कारण होतं.

आता कल्पना करा, एखाद्या कंपनीने आपल्या जुन्या भरतीच्या नोंदी एआयला दिल्या आणि सांगितलं, पुढचे चांगले उमेदवार तूच निवड. त्या नोंदींत जुना अन्याय मुरलेला आहे. एआयला तो अन्याय दिसणार नाही, नमुना दिसेल. अशा नावाचे लोक पूर्वी घेतले गेले नाहीत, म्हणजे ते योग्य नसावेत. दमा आणि न्यूमोनियाची गोष्ट परत घडेल. नावाचा रकाना काढून टाकला तरी पिनकोड उरतो, मोहल्ला उरतो, शाळेचं नाव उरतं. कर्जाच्या बाबतीतही असंच होऊ शकतं. एखाद्या वस्तीत कर्ज बुडवणारे जास्त दिसले, तर कारण वस्ती आहे की तिथला तुटपुंजा रोजगार? पहिलं मानलं तर तिथल्या प्रामाणिक माणसालाही कर्ज मिळणार नाही. मग रोजगार आणखी घटेल आणि यंत्राचं भाकीत खरं ठरेल. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची एआय कंपनी सुरू केली. अशा यंत्रणा गुन्हे शोधायला उपयोगी पडतील. पण जिथे पोलिसांची गस्त जास्त तिथे नोंदी जास्त, हे साधं कारण ज्या यंत्राला कळत नाही, त्याचा अंदाज निकाल म्हणून वापरता येत नाही.

अशा वेळी नुसता राग कामाचा नाही आणि 'कॉम्प्युटर खोटं बोलत नाही' असं म्हणून मान खाली घालणंही बरोबर नाही. तीन प्रश्न विचारा. एक, तुलना कुणाशी केली? दोन, यात काय बदलून पाहिलं, की नुसतंच पाहिलं? तीन, बाकी सगळं तसंच ठेवून माझं नाव किंवा पत्ता वेगळा असता, तर निकाल बदलला असता का? हा तिसरा प्रश्न पर्ल यांच्या शिडीची तिसरी पायरी आहे. कंपनीला, बँकेला, सरकारला तो लेखी विचारता येतो. उत्तर देता येत नसेल, तर त्या यंत्रावर माणसाचं भवितव्य सोपवू नये, अशी मागणी करता येते. ही मागणी एका समाजापुरती नाही. अमरावतीच्या दलित मुलाला आणि जिरायतातल्या गरीब शेतकऱ्यालाही तिचा तेवढाच उपयोग आहे.

जे विद्यार्थी आहेत त्यांना सांगते, संख्याशास्त्र टाळू नका. एनपीटीईएलवर चांगले अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. पायथन येत असेल तर 'डूव्हाय' ही कार्यकारणभावासाठीची मुक्त लायब्ररी उघडून बघा. आणि ज्यांनी शाळा सोडून गॅरेज धरलं, त्यांना सांगते, तुम्ही मागे नाही आहात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग बघायचं, ही शिस्त तुमच्या हातात आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळा तीच यंत्राला शिकवायला झटताहेत. पुढच्या बैठकीत गॅरेजवाले आणि कॉलेजवाले एकत्र बसा. एका बिघडलेल्या मोटारीची कारणं चॅटबॉटला विचारा आणि कोणती चाचणी आधी करायची ते मिस्त्रीला विचारा. दोघांची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यातून जे शिकाल ते मला कळवा.